नखुरडे आणि कंडराकोश : एका भेदाचा इतिहास

बोटाच्या टोकाशी पू झाला की मराठी भाषक त्यास नखुरडे म्हणतात. सुश्रुताने क्षुद्ररोगांत वर्णिलेला ‘चिप्प’ हाही नखमांसाचाच विकार होय. मात्र बोट वाकविणाऱ्या कंडरेभोवतीच्या कोशात पू साठल्यास त्या व्याधीला बोलीत रूढ असे स्वतंत्र नाव आढळत नाही. तीही बहुधा नखुरड्यातच जमा होते.

हा भेद शिकागोचे शल्यचिकित्सक ॲलन कॅनाव्हेल यांनी स्पष्ट केला. मृतदेहांच्या हातांत द्रव्ये टोचून पू कोणत्या वाटेने पसरतो, याचा त्यांनी शोध घेतला आणि इ. स. १९१२ मध्ये हाताच्या जंतुसंसर्गावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने आज चार लक्षणे ओळखली जातात : बोट किंचित वाकलेले राहते, ते संपूर्ण सारखे सुजते, कोशाच्या सबंध लांबीवर दाबल्यास दुखते, आणि दुसऱ्याने ते सरळ करू पाहताच तीव्र कळ येते. आरंभी चारही लक्षणे एकत्र दिसतीलच असे नाही.

बंद कोशातील दाबाने कंडरेचा रक्तपुरवठा तुटतो व ती मृत होऊ लागते. अंगठा आणि करंगळी यांचे कोश तळहातातून मनगटापर्यंत पोहोचत असल्याने तेथील पू अधिक दूर पसरू शकतो. म्हणून शिरेतून प्रतिजैविके देणे, हात आधार देऊन उंच ठेवणे, धनुर्वाताचा प्रतिबंध करणे आणि शल्यचिकित्सकास त्वरित पाचारण करणे हा आजचा क्रम होय. सुधारणा न दिसल्यास वा पू निश्चित असल्यास कोश उघडून धुतला जातो. इ. स. १९७८ मध्ये नेव्हियाझर यांनी लहान छेदांतून नळीने कोश धुण्याची पद्धती मांडली.

पुणे जिल्ह्यातच पिंपरी येथे इ. स. १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परंतु औषध हाती आले तरी निदानाची घाई संपली नाही. पुणे–सोलापूर मार्गावरील यवतच्या परिसरात ऊस, बाभळीचे काटे व कोयता यांच्याशी हाताचा नित्य संबंध येतो. काटा रुतलेले बोट ‘नखुरडे पिकेल’ म्हणून पोटीस बांधून ठेवले, तर निर्णायक काळ घरीच सरतो. नखाकडेचा पू पिकण्याची वाट पाहणे एक वेळ खपून जाते. कोशातील पवास तेवढा अवधी दिला, तर जखम भरूनही बोट कायमचे ताठ राहते.