अठ्ठेचाळीस व्होल्टची गोष्ट: खेड्यातला फोन आणि खेड्यातली वीज

घरातली वीज गेली तरी जुना तारेचा फोन चालू राहायचा, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या फोनला घरातली वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असे आणि तिथून ४८ व्होल्टची डीसी वीज, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, फोनच्याच तारेतून घरी येई. हा ४८ चा आकडा लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आजचा प्रश्न असा. श्रीमंत देशांत घडलेलं यंत्र थोडं स्वस्त करून इथे आणायचं, की इथल्या घराला काय परवडतं आणि इथलं ऊन-धूळ कशी आहे हे आधी विचारून यंत्र नव्याने बांधायचं? भारतात हा प्रश्न किमान तीनदा विचारला गेला.

पहिली वेळ १९८४ ची. सत्तर कोटींहून जास्त लोकांच्या देशात तेव्हा फोन होते तीस लाखांच्या आसपास, आणि तेही बहुतेक शहरांत. परदेशी एक्स्चेंज हजारो जोडण्यांसाठी बनवलेली असत, त्यांना वातानुकूलित खोली लागे. आता ज्या गावात दिवसातून चार वेळा वीज जाते, तिथे एसी कुठून आणायचा? शिवाय तिकडे एक फोन एक कुटुंब वापरी, त्यामुळे तो बराच वेळ मोकळा असे. आपल्याकडे एका फोनवर सारी आळी येई. जोडण्या कमी, पण प्रत्येकीवर बोलण्याचा भार मोठा. म्हणजे गणितच वेगळं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था उभी राहिली. सॅम पित्रोदा तिच्या कल्पनेमागे होते. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, असा हिशेब मांडला गेला. मोठ्या शहरी एक्स्चेंजचं काम त्या मुदतीत पुरं झालं नाही आणि त्यावर टीकाही झाली, हे सांगायला हवं. पण १२८ जोडण्यांचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. राणी चेन्नम्माचं कित्तूर, बेळगाव-धारवाड रस्त्यावरचं. या यंत्राला एसी लागत नव्हता. तंत्र एकाच कारखान्याच्या हाती न ठेवता अनेक उत्पादकांना दिलं गेलं, त्यामुळे ते पसरलं. जोडीला पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. फोन घरी नसला तरी कोपऱ्यावर आहे, ही सोय आपल्या पिढीने पाहिली आहे.

दुसरी वेळ नव्वदच्या दशकातली, आयआयटी मद्रासची. प्राध्यापक अशोक झुनझुनवाला आणि त्यांचे सहकारी यांनी केलेला हिशेब आपण बोटांवर करून पाहू. एक नवी फोनजोडणी उभारायला कंपनीला सुमारे ३५ हजार रुपये लागत. व्याज, घसारा, देखभाल धरली तर दरवर्षी त्याचा साधारण तिसरा हिस्सा परत मिळायला हवा. म्हणजे महिन्याला हजार रुपयांच्या घरात बिल! किती घरांना ते परवडणार? पण जोडणीचा खर्च १० हजारांवर आणला, तर तेच बिल तीनशेच्या आत येतं. मग ग्राहकांची संख्या एकदम बदलते.

खर्च मुरला होता जमिनीत पुरलेल्या तांब्यात. तांबं महागत चाललेलं, चिप मात्र स्वस्त होत चाललेली. म्हणून शेवटचा टप्पा बिनतारी करायचा ठरला. त्यातून कॉर्डेक्ट आलं. फोन आणि इंटरनेट एकाच वेळी, सुमारे १० किलोमीटरपर्यंत, आणि तेही एसीशिवाय. त्यावर तमिळनाडूच्या खेड्यांत इंटरनेट केंद्रं सुरू झाली.

पुढे काय झालं? कॉर्डेक्ट मागे पडलं. अँटेना घराच्या छपराला बांधलेली, आणि माणसाला फोन खिशात हवा होता. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, हँडसेट स्वस्त झाले, २००४ मध्ये मोबाइलची संख्या तारेच्या फोनपुढे गेली. यंत्र हरलं असं म्हणता येईल. पण कमी बिल देणारे कोट्यवधी ग्राहक मिळाले तर धंदा चालतो, हा मद्रासचा हिशेब मोबाइल कंपन्यांच्या बाबतीतही खराच ठरला.

आणि इथेच तिसरी वेळ येते. फोन खेड्यात पोहोचला, वीज पोहोचलीच असं नाही. टॉवर डिझेलवर धडधडत होते आणि लोक फोन चार्ज करायला बाजारच्या गावी जात होते. महाराष्ट्राने तर भारनियमन चांगलंच भोगलं आहे. २००५ च्या सुमारास आपल्याकडे अक्षय प्रकाश योजना आली. संध्याकाळी गावाने पंप आणि गिरणी बंद ठेवायची, बदल्यात घरातले दिवे चालू राहतील. थोडीच वीज, पण न जाणारी. गावं आपणहून तयार झाली, हे महत्त्वाचं. पण एकाने जरी पंप लावला तरी सगळ्यांचं गणित बिघडे. सारी भिस्त शब्दावर होती.

मद्रासच्या याच मंडळींनी पुढे ही शिस्त तारेतच बसवायचा प्रयत्न केला. टंचाईच्या वेळी पुरवठा पूर्ण तोडण्याऐवजी घराला सुमारे १०० वॉट चालू ठेवायचे, आणि तेही डीसी. कारण सौर पॅनेल डीसी देतं, बॅटरी डीसी साठवते, एलईडी आणि मोबाइल डीसीच खातात. मधे इन्व्हर्टर घातला की वीज एसी करायची आणि उपकरणात पुन्हा डीसी. दर वळणावर गळती. लहान पॅनेलच्या घराला ही गळती जास्त जाचते. साधा छताचा पंखा ७० ते ७५ वॉट घेतो, डीसी मोटरचा सुमारे ३०. म्हणजे एका पंख्याच्या विजेत दोन पंखे! राजस्थानात जोधपूर-जैसलमेर भागातल्या, ग्रीड न पोहोचलेल्या काही हजार घरांत ही व्यवस्था बसली.

आणि घरातल्या त्या तारेत व्होल्ट किती? ४८. जुन्या एक्स्चेंजचेच. अंगाला झटका बसला तरी सहसा जिवावर बेतत नाही, आणि तारही फार जाड लागत नाही.

पण डीसीचा पंखा तालुक्याच्या दुकानात मिळत नसेल, बिघडला तर दुरुस्त करणारा नसेल, तर हे घर पुन्हा अंधारात जाणार. कित्तूरचं यंत्र टिकलं ते अनेक कारखाने आणि कोपऱ्यावरचा बूथवाला यांच्या जिवावर. डीसीच्या घराला त्याचा बूथवाला अजून पुरता मिळालेला नाही. तो कोण असावा, यावर तुमचे विचार ऐकायला आम्हाला आवडेल. आज इथेच थांबतो.