अँटवर्पचा चौथा क्रमांक

आमच्या इचलकरंजींत मागांचा खडखडाट अहोरात्र चालतो. पण कुस्त्यांचें मैदान भरलें म्हणजे तो कोणाच्या कानांवरहि येत नाहीं. अशाच एका मैदानाहून परततांना एका जुन्या विद्यार्थ्यानें मला विचारलें, "गुरुजी, आपल्या भागांतून ऑलिंपिकला पहिला पहिलवान कोण गेला?" खाशाबा जाधवांचें नांव त्याच्या ओठांवर होतेंच. मीं म्हटलें, "खाशाबांच्या अगोदर २८ वर्षें कोल्हापूरचे रणधीर शिंदे जाऊन आले." हें नांव त्यानें ऐकलेंच नव्हतें.

ती हकीकत १९२० सालची. त्या वेळीं आपणांस ना स्वतःचें राज्य होतें, ना राष्ट्रीय ऑलिंपिक संघटना. ती १९२७ सालीं स्थापन झाली. पुढाकार घेतला तो पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें. जिमखान्याच्या शर्यतींत खडकाळ रस्त्यांवरून अनवाणी धावणारे शेतकरी पाहून अध्यक्ष सर दोराबजी टाटा थक्क झाले. त्यांनीं मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांचें साहाय्य मिळविलें, पदरचे पैसे घातले, आणि चार धावणारे व दोन मल्ल बेल्जियममधील अँटवर्पला रवाना केले.

बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें १९ वे आले. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरांची, म्हणजे आजच्या ठरीव अंतराहून अर्ध्या किलोमीटरहून जास्तच! मल्लांपैकीं कुमार नवले लवकर बाद झाले. शिंदे मात्र फेदरवेट गटांत कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत पोंचले आणि तेथें ब्रिटनच्या बर्नार्डकडून हरले. सुवर्ण व रौप्य दोन्ही अमेरिकेनें नेलीं. शिंद्यांच्या वाट्याला चौथा क्रमांक आला.

आपल्याकडील मल्लांची तालीम तांबड्या मातींतली. मातींत पाय रोवतां येतो, गादीवर तो निसटतो. शिवाय डोक्यावर घड्याळ. शाहूमहाराजांच्या खासबागेंत टाळ्या घेणारा डाव परदेशीं तसाच चालेल असें नव्हे. खाशाबांनाहि १९४८ सालीं लंडनला हीच अडचण आली. कोल्हापूरच्या महाराजांनीं खर्च सोसला, गार्डनर नांवाच्या अमेरिकन मार्गदर्शकानें गादीचे डाव शिकविले, तरी सहाव्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. पुढें हेलसिंकीला जाण्यासाठीं राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. आम्हां शिक्षक मंडळींना त्या आंकड्याचें वजन निराळें सांगावयास नको. १९२० मध्यें टाटा, १९४८ मध्यें महाराज, १९५२ मध्यें एक प्राचार्य! देशाचें नांव छातीवर, आणि हुंडी खाजगी खिशावर. मला तरी यांत अभिमानापेक्षां लाजच अधिक वाटते.

१९५२ सालीं खाशाबांनीं बँटमवेट गटांत कांस्यपदक मिळविलें, आणि कऱ्हाडकडे परततांना त्यांच्या स्वागताला बैलगाड्यांची रांग लागली. त्याच हेलसिंकींत कोल्हापूरचे केशव माणगावे शिंद्यांच्याच फेदरवेट गटांत लढले. तेहि चौथे आले. माझ्या विद्यार्थ्यानें तें नांवहि ऐकलेलें नव्हतें.