हैदराबादला बिऱ्हाड हलवताना : गोमंतकीय कुटुंबांसाठी मार्गदर्शिका

हैदराबादच्या माधापूर भागातील ‘सायबर टॉवर्स’ या इमारतीचे उद्घाटन नोव्हेंबर १९९८ मध्ये झाले. त्यानंतर या शहराचा पश्चिम भाग झपाट्याने वाढला. माहिती तंत्रज्ञान, औषधनिर्मिती आणि वित्तसेवांतील नोकऱ्यांसाठी देशभरातून माणसे तिथे येतात, आणि त्यांत गोव्यातील तरुण कुटुंबेही आहेत. अंतर तसे फार नाही. थेट विमाने आहेत आणि वास्कोहून लोंढामार्गे सिकंदराबादला जाणारी रेल्वेही आहे. दोन्ही ठिकाणे उष्ण कटिबंधातील असल्यामुळे फारशा तयारीची गरज नाही, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात किनाऱ्यावरचे जगणे वेगळे आणि दख्खनच्या पठारावरचे वेगळे. विहिरीचे पाणी, समुद्राचा वारा, हाकेच्या अंतरावरचे ‘गोमेकॉ’ आणि गोमंतकीय म्हणून असलेले हक्क या गोष्टी गोव्यात न मागता मिळतात. हैदराबादला जाताना त्या एकेक करून जाणीवपूर्वक मिळवाव्या किंवा जपाव्या लागतात.

उन्हाळा : ओळखीचा वाटणारा, पण निराळा

हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. पणजीत मे महिन्यात कमाल तापमान साधारण ३३ अंश असते, तर हैदराबादेत ते ३९ ते ४० अंशांपर्यंत जाते आणि काही दिवस त्याहीपुढे. मात्र खरा फरक हवेच्या कोरडेपणाचा आहे. गोव्यात घाम अंगावर राहतो आणि उकाड्याची जाणीव करून देतो. हैदराबादेत तो लगेच वाळतो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले हे कळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक किंवा सोलकढी घेत राहावे. दुपारी बारा ते चार या वेळेत मुलांना व वृद्धांना बाहेर काढू नये. अंग तापलेले असताना बोलण्यात विसंगती किंवा भ्रम दिसल्यास तो उष्माघात समजावा, अंगावर पाणी मारून थंडावा द्यावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गोव्यातही परिचयाची असलेली ही सेवा २००५ मध्ये हैदराबादेतच सुरू झाली.

वरच्या मजल्यावरचे, थेट स्लॅबखालचे घर भाड्याने स्वस्त मिळते. मात्र उन्हाळ्यात ते भट्टीसारखे तापते. गोव्याच्या दमट हवेत निरुपयोगी ठरणारा पाण्याचा कूलर तिथे एप्रिल-मे महिन्यांत उत्तम चालतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री तापमान १५ अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा लोकरीचे कपडे सोबत असावेत. शक्य असल्यास बिऱ्हाड पावसाळ्यानंतर हलवावे, म्हणजे पहिला उन्हाळा येईपर्यंत शरीर सरावते.

घर पाहताना आधी पाणी पाहावे

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हैदराबादेत जेमतेम ८०० मिलिमीटर. शहर ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेले असल्यामुळे खडकाच्या भेगांत जेवढे पाणी साठते, तेवढेच कूपनलिकेला मिळते आणि मार्चनंतर अनेक ठिकाणी तेही आटते. शहराला मांजरा, कृष्णा व गोदावरीचे पाणी दूरवरून आणावे लागते. म्हणून घर घेताना पुढील प्रश्न विचारावेत : जलमंडळाची जोडणी आहे का? पाणी किती दिवसांआड येते? उन्हाळ्यात टँकर लागतो का, आणि त्याचा खर्च देखभाल शुल्कात धरला आहे की वेगळा द्यावा लागतो? घरमालकापेक्षा शेजारच्या भाडेकरूकडून याची खरी उत्तरे मिळतात. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते, ते पिण्यासाठी वापरू नये.

पाण्याची दुसरी बाजू पुराची आहे. सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुराने शहर उद्ध्वस्त केले. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या शिफारशींनुसार उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. ऑक्टोबर २०२० मध्येही अतिवृष्टीने अनेक वसाहती पाण्याखाली गेल्या. तलावाच्या किंवा नाल्याच्या काठची नवी वसाहत निवडण्यापूर्वी त्या वर्षी तिथे पाणी किती चढले होते, याची चौकशी करावी.

करार, प्रवास आणि वाहन

भाडेकरार सहसा अकरा महिन्यांचा असतो, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या करारास नोंदणी सक्तीची आहे. अनामत रक्कम, रंगकामाची कपात आणि घर सोडण्याच्या सूचनेचा कालावधी करारात लिहून घ्यावा. गच्चीबौली, कोंडापूर, माधापूर हे भाग कार्यालयांच्या जवळ आहेत. पण तिथे भाडे अधिक आहे. मेट्रो रेल्वे नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. तिचे मियापूर–एलबी नगर, नागोल–रायदुर्ग आणि जुबिली बसस्थानक–महात्मा गांधी बसस्थानक असे तीन मार्ग आहेत. पहिल्या दोन मार्गांचा संगम अमीरपेटला होतो. कार्यालय रायदुर्गच्या बाजूला असल्यास मेट्रोलगतचे दूरचे घरही सोयीचे ठरते.

गोव्याच्या क्रमांकाचे वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असल्यास तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी निघण्यापूर्वीच आपल्या वाहतूक कार्यालयाकडून ना हरकत दाखला घ्यावा.

आरोग्य

सर रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले ते ऑगस्ट १८९७ मध्ये, सिकंदराबादेत. आज शहरात पावसाळ्यानंतर अधिक भीती असते ती डेंग्यूची. त्याचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून पिंप व कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करावेत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तिच्या यादीतील रुग्णालयांपुरती मर्यादित आहे. त्यामुळे हैदराबादेत चालणारा आरोग्यविमा निघण्यापूर्वीच काढावा, विशेषतः आईवडील सोबत असतील तर.

मुलांची शाळा आणि गोव्यातील हक्क

तेलंगणात २०१८ च्या कायद्यानुसार पहिली ते दहावीपर्यंत तेलुगू हा विषय सक्तीचा असून केंद्रीय मंडळांच्या शाळाही त्यातून सुटलेल्या नाहीत. लहान मूल ही भाषा खेळता खेळता शिकते. आठवी-नववीत गेलेल्या मुलाला मात्र लिपीपासून सुरुवात करावी लागते. मध्येच येणाऱ्या विद्यार्थ्यास कोणती सवलत मिळते, हे प्रवेशापूर्वी शाळेकडून लेखी घ्यावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न पुढील शिक्षणाचा व नोकरीचा आहे. गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. तेलंगणातील व्यावसायिक अभ्यासक्रमांतही ‘स्थानिक’ ठरण्यासाठी तिथे सलग काही वर्षे शिकलेले असावे लागते. चुकीच्या वर्षी स्थलांतर झाल्यास मूल दोन्ही राज्यांत परके ठरू शकते. नववी ते बारावीच्या दरम्यान बिऱ्हाड हलवायचे असल्यास दोन्हीकडच्या त्या वर्षाच्या माहितीपुस्तिका आधी वाचाव्यात.

पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड, म्हणजे ‘ओसीआय’, असलेल्यांना परकीय नोंदणी कार्यालयात नोंदणी करावी लागत नाही. पण भारतात राहणाऱ्या कार्डधारकाने कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलल्यास तसे त्या कार्यालयास ईमेलने कळवणे आवश्यक आहे.

हैदराबादेत सदनिका विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, गोव्यात अधिवास असलेल्या गोमंतकीयाच्या राज्याबाहेरील मालमत्तेचा वारसाहक्कही गोव्याच्याच नागरी कायद्यानुसार ठरतो, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला आहे. तिथल्या वकिलाला हे ठाऊक असेलच असे नाही. खरेदीखतापूर्वी पतिपत्नींनी गोव्यातील वकिलाचा सल्ला घ्यावा.

ताट आणि बोली

समुद्र दूर असल्याने बाजारात रोहू, कटला, मरळ अशी गोड्या पाण्यातील मासळी अधिक मिळते. भात सोना मसुरीचा, तेव्हा उकडे तांदूळ व सोलां बरोबर न्यावीत. ताज्या भाजीसाठी सरकारी ‘रयतु बाजार’ चांगले.

भाषेची धास्ती मात्र बाळगू नये. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे तिथला मराठी समाज जुना व स्थिरावलेला आहे. १९०७ मध्ये स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था आणि इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालय ही त्याची ठळक उदाहरणे. तिथल्या दख्खनी बोलीतला ‘नक्को’ आपल्या ‘नको’चाच भाऊ. चार वाक्ये तेलुगूची शिकून घेतल्यास शेजार लवकर जुळतो. आणि चवथीला घरी येण्याची तिकिटे आरक्षण खुले होताच काढून ठेवावीत. त्या आठवड्यात आयत्या वेळी गोव्याची वाट सहसा मिळत नाही.