‘कॉलरा’ आणि ‘मोडशी’ : एका रोगनामाचा प्रवास

युरोपीय भाषांतील रोगनामांपैकी ‘कॉलरा’ या शब्दाइतका अर्थाने भरकटलेला शब्द क्वचितच आढळेल. मूळ ग्रीक ‘खोलेरा’ हा शब्द हिप्पोक्रातेसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथसंग्रहात येतो. त्याचा संबंध ‘खोले’ म्हणजे पित्त या शब्दाशी जोडण्याची रीत जुनी आहे. पन्हळ अथवा गटार या अर्थाच्या ‘खोलेद्रा’ शब्दाशीही त्याचे नाते सांगण्यात आले आहे. कसेही असले तरी या शब्दाने प्राचीनांना अभिप्रेत असलेला विकार म्हणजे उन्हाळ्यात तुरळकपणे उद्भवणारी वांती व रेच होत. साथीची कल्पना त्यात नव्हती.

लॅटिनमध्ये हाच शब्द पुढे पित्तदोषाचा वाचक झाला, आणि पित्त खवळले म्हणजे मनुष्य संतापतो या समजुतीमुळे तो क्रोधाचाही वाचक ठरला. फ्रेंचमधील ‘कोलेर’, इंग्रजीतील जुना ‘कॉलर’ आणि जर्मन ‘कोल्लर’ ही सारी त्याच घराण्यातील संतापवाचक अपत्ये होत. एकोणिसाव्या शतकात रोग युरोपात अवतरला तेव्हा राग आणि रोग यांत भेद करण्याची निकड निर्माण झाली. इटालियनने ‘कोल्लेरा’ रागाकडे आणि ‘कोलेरा’ रोगाकडे दिला. स्पॅनिशने शब्द एकच ठेवून लिंगभेद केला : स्त्रीलिंगी असता राग, पुल्लिंगी असता पटकी. (मराठी व्याकरणकाराला ही युक्ती आवडावी.)

याच रोगाचे दुसरे युरोपीय नाव मात्र आपल्या किनाऱ्यावरून गेलेले आहे. गास्पार कोर्रेआ याने 1543 साली गोव्यात उसळलेल्या एका भयंकर साथीचे वर्णन केले असून तिचे नाव त्याने ‘मोरिशी’ असे दिले आहे. मृतांची संख्या इतकी वाढली की लोकांनी धास्ती घेऊ नये म्हणून गव्हर्नराने मृतांसाठी घंटा वाजविण्यास मनाई केली, असे तो सांगतो. पुढे 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता याने या विषयाला एक स्वतंत्र संवाद दिला. एतद्देशीय लोक रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही त्याचा अपभ्रंश ‘मोर्देशी’ असा करतो, अशी प्रांजळ नोंद त्याने केली आहे. हा शब्द म्हणजे आपली मराठी-कोंकणी ‘मोडशी’ होय, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मूर्धन्य ‘ड’ पोर्तुगीज कानांना कधी ‘र’, कधी ‘र्द’ असा ऐकू आला असावा, असे दोन्ही रूपांवरून वाटते. शेवटच्या ईकारास अनुनासिक जोडण्याची पोर्तुगीज सवय तर अनेक शब्दांत दिसते. त्यातून ‘मोर्देशिं’ झाले.

फ्रेंचांच्या तोंडी हे रूप गेले आणि एक विलक्षण गोष्ट घडली. अर्थ न लागणाऱ्या ध्वनींत त्यांना आपल्याच भाषेतील शब्द ऐकू आले : ‘मोर-द-शिएँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण! अठराव्या शतकाच्या आरंभीच्या मिशनरी पत्रव्यवहारात हे रूप दिसते. रोगाची भीषणता पाहता ते नाव पटण्यासारखे होते, म्हणूनच ते टिकले. मद्रासच्या आरमारी रुग्णालयातील 1782-83 मधील अनुभव सांगणारा चार्ल्स कर्टिस याचा 1807 चा इंग्रजी ग्रंथही हेच नाव वापरतो. श्वानाचा या शब्दाशी काडीमात्र संबंध नाही, हे यूल व बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात स्पष्ट झाले. ‘मोडणे’ या धातूशी त्यांनी जोडलेला संबंध स्वीकारण्यास हरकत दिसत नाही.

या शब्देतिहासाला वैद्यकीय वादात मोठे वजन आले. 1817 मध्ये बंगालमधील जेसोर येथून प्रसिद्ध झालेली महासाथ हा सर्वस्वी नवा रोग होता, असे अनेकांचे मत होते. गोव्यातील नोंदी त्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आल्या. कोर्रेआचे वर्णन या बाबतीत बलवत्तर आहे. पण ‘मोडशी’ हे नाव आढळले की रोग तोच, असे अनुमान काढणे धोक्याचे. कारण मराठीत साध्या अजीर्णाच्या वांती-रेचांनाही मोडशीच म्हणतात, आणि जुन्या ग्रीक ‘खोलेरा’चीही स्थिती तीच होती. 1854 मध्ये फ्लॉरेन्स येथे पाचिनी याने वर्णिलेला जंतू 1884 मध्ये कोखने कलकत्त्यात शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तेव्हापासून ‘कॉलरा’ त्या एका जंतूशी बांधला गेला. ‘मोडशी’ मात्र आपल्या जुन्या, सैल अर्थानेच घरोघरी राहिली.