पूररेषेवरचा मुक्काम

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन तलावाकाठी मुक्कामाची जागा शोधणाऱ्याच्या अपेक्षा ठरलेल्या असतात: सावली, वीज-पाण्याची जोडणी, लांब गाडी वळवून लावता येईल अशी सपाट जागा आणि खिडकीतून दिसणारे पाणी. तलाव तिथे आधीपासून होता, काठ सुंदर होता, म्हणून तिथे कॅम्पग्राउंड झाले, असे त्याला सहज वाटते. देशाच्या मोठ्या भागात, विशेषतः दक्षिणेत आणि मधल्या मैदानांत, हे खरे नाही. तिथले तलाव बहुतेक धरणांचे आहेत. टेक्सासएवढ्या अवाढव्य राज्यात नैसर्गिक म्हणून सांगितला जाणारा मोठा तलाव एकच, कॅडो, आणि त्यालाही 1914 साली बांध घातला गेला. काठची जमीनही देखाव्यासाठी राखलेली नव्हती. पूर आला तर पाणी कुठवर चढेल याचा हिशेब करून सरकारने ती विकत घेतली आणि तिथे घर बांधायला कुणाला परवानगी दिली नाही. पुराच्या वर्षाची वाट पाहत पडून असलेल्या या जमिनीला कोरड्या वर्षांत काही उपयोग हवा होता. आरव्हीवाल्यांची पसंती या हिशेबाने आधीच आखलेल्या चौकटीत चालते, आणि ही चौकट माहीत असेल तर निवड जास्त शहाणपणाने करता येते.

मोटार घेऊन मुक्कामाला निघण्याची हौस धरणांपेक्षा जुनी आहे. ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही भटक्यांची संघटना 1919 साली फ्लोरिडातल्या टँपा इथे स्थापन झाली. पुढच्या दशकात गावोगावच्या नगरपालिकांनी बाजारपेठेला गिऱ्हाईक मिळावे म्हणून मोटारतळ उघडले. तेव्हा तलाव लागतच नव्हता; नळ, संडास आणि जवळ दुकान असले की पुरे. जंगलात मात्र लोक वाटेल तिथे गाडी घालत. ई. पी. मायनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या उद्यानांचा अभ्यास करून 1928 साली दाखवून दिले की चाकांनी आणि पायांनी माती घट्ट होते, मुळे गुदमरतात आणि ज्या झाडांसाठी माणसे येतात तीच झाडे मरतात. त्यांचा उपाय 1932 पासून सरकारी धोरणात आला. एकेरी वाहतुकीचा वळसा घालणारा रस्ता, त्याला तिरकी फुटलेली गाडी लावायची जागा, ती ओलांडू नये म्हणून मोठे दगड, आणि प्रत्येक मुक्कामासाठी पक्की चूल आणि टेबल. 1933 नंतर सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या बेरोजगार तरुणांनी देशभर असे तळ बांधले. आजचा आरव्हीवाला ज्या क्रमांकाच्या जागेत गाडी मागे घेतो, तिचा आराखडा झाडांच्या मुळांची काळजी करणाऱ्या माणसाने केलेला आहे.

त्याच 1933 साली टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली. तिचे पहिले धरण, नॉरिस, 1936 साली पुरे झाले. हजारो कुटुंबे उठवली गेली, थडगीसुद्धा हलवावी लागली, आणि नव्या काठावर नमुन्यादाखल उद्याने उभी राहिली. खरा निर्णायक दस्तऐवज म्हणजे 1944 चा पूरनियंत्रण कायदा. त्याच्या चौथ्या कलमाने आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या लष्कराच्या अभियंता दलाला आपल्या जलाशयांकाठी उद्याने आणि करमणुकीच्या सोयी बांधायची परवानगी दिली. याच कायद्याने मिसूरी खोऱ्यातल्या पिक-स्लोन योजनेला मंजुरी दिली, आणि त्या योजनेतल्या गॅरिसन धरणाने नॉर्थ डकोटात मँडन, हिडात्सा आणि अरिकारा या जमातींची दीड लाख एकरांहून अधिक जमीन घेतली. नदीकाठची सगळ्यांत सुपीक शेती आणि एल्बोवुड्स गाव पाण्याखाली गेले. 1948 साली करारावर सही होत असताना जमातींचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चेहरा झाकून रडत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आज त्या पाण्याला लेक साकाकाविया म्हणतात आणि त्याच्या काठी उत्तम कॅम्पग्राउंड आहेत. मुळशी धरणात बुडालेल्या जमिनींची आठवण असणाऱ्या वाचकाला हा व्यवहार अनोळखी वाटणार नाही. काठ सगळ्यांना सारखा खुला होता असेही नाही. केंटकी लेकवर गोऱ्यांसाठी केनलेक होते, तर कृष्णवर्णीयांसाठी 1951 साली शेजारीच चेरोकी नावाचे वेगळे उद्यान उघडावे लागले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन इथे हिमनद्यांनी कोरलेले हजारो खरे तलाव आहेत. मग सगळे धरणाच्या माथी का मारायचे? तलाव आहेत हे खरेच. पण त्यांच्यापैकी पुष्कळांचा काठ मोटारी येण्याआधीच, रेल्वेच्या काळात, बंगले आणि रिसॉर्ट यांनी व्यापला होता. सार्वजनिक काठ उरला तो मिनेसोटातल्या 1891 च्या इटास्कासारख्या उद्यानांत आणि राष्ट्रीय वनांत, आणि तिथले जुने वळसे तीसच्या दशकातल्या मोटारींच्या मापाचे. चाळीस फुटी मोटारहोम त्यांत शिरणे कठीण. प्रशस्त जागा धरणांच्या काठी अधिक मिळतात. ते तळ मोठ्या गाड्यांचा जमाना आल्यावर आखले गेले.

दुसरा आक्षेप असा की करमणूक हाही धरणांचा अधिकृत हेतू आहे, तिला उरलेसुरले म्हणणे अन्यायाचे. 1965 च्या केंद्रीय कायद्याने जलप्रकल्प आखताना करमणुकीचा पूर्ण विचार करायला सांगितले, हे बरोबर आहे. पण कागदावरचा हेतू आणि धरणाचे दरवाजे कोण, कधी उघडतो, या वेगळ्या गोष्टी आहेत. नॉरिस आणि टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचेच फाँटाना या धरणांची पातळी दर हिवाळ्याआधी पुराला जागा करून देण्यासाठी उतरवली जाते, मग काठाशी चिखलाचा पट्टा उघडा पडला तरी चालतो. लेक मीड हा धरणाचा जलाशय तर देशातले पहिले राष्ट्रीय करमणूक क्षेत्र. 2022 च्या जुलैत तिथली पातळी सुमारे 1,040 फुटांवर आली, 1937 नंतरची सर्वांत खाली, आणि बोटी उतरवायचे उतार एकामागून एक बंद झाले. पाणी शेती आणि शहरांसाठी होते, सुट्टीवर आलेल्यांसाठी नव्हते.

उलट बाजूचे उदाहरण लेक टेक्सोमाचे. टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या सीमेवरचे हे धरण कोअरने 1944 साली पुरे केले. नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 617 फूट, सांडव्याचा माथा 640 फूट. मधल्या तेवीस फुटांत पूर साठवायचा, आणि पाण्याला लगटून असलेले तळ साहजिकच या पट्ट्यात येतात. 1957, 1990, 2007 आणि 2015 साली पाणी सांडव्यावरून गेले. त्या वेळी टेबले, विजेचे खांब, संडास सगळे पाण्यात होते, आणि यात धरणाची काही चूक नव्हती. ते आपले काम करत होते. महाराष्ट्रात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेतात, अमेरिकेत अशाच जमिनीच्या वरच्या अंगाला गाडी लावून चूल पेटवतात.

म्हणून फोटो आणि अभिप्राय वाचून झाल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. धरण कशासाठी बांधले: पुरासाठी असेल तर वसंतात पाणी चढेल, सिंचनासाठी असेल तर उन्हाळ्याच्या अखेरीस उतरेल. काठ कुणाच्या ताब्यात आहे, कोअरच्या की राज्याच्या. आणि निवडलेली जागा तलावाच्या आजच्या पातळीपेक्षा किती उंच आहे. ही पातळी कोअरची जिल्हा कार्यालये रोज प्रसिद्ध करतात.