रुपयाला आणा

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही "गिरणी कामगाराची शिल्लक" असे सांगितले. त्यांच्यापैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, "शिल्लक? ती होती कुठे?" गृहस्थ सज्जन आहेत, त्यांचा राग नाही. पण मुंबईच्या कामगाराविषयी शंभर वर्षे लोक हेच म्हणत आले. मालक म्हणत, सरकारी अहवाल म्हणत, आणि खरे सांगायचे तर आमच्या चळवळीतले शिकलेले पुढारीही खासगीत म्हणत, की हा वर्ग उधळा आहे. हातात चार पैसे आले की दारू, लग्न आणि शिमगा यांत घालवतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतील जुन्या अहवालांच्या गठ्ठ्यांतून झाले. ते गठ्ठे चाळता चाळता आमचे मत निराळे बनले, ते आपल्यापुढे मांडतो.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. रत्नागिरी, सातारा या बाजूंनी माणूस आला. पगार महिन्याने, आणि तोही पुढच्या महिन्याच्या मध्यावर हाती पडे. म्हणजे आज कामाला लागलेल्या माणसाला दीड महिना उधारीवर काढणे भाग. वाण्याचे खाते आणि खानावळीचे देणे कामाच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू. त्यावर आजार, बाळंतपण किंवा खाडा आला की दारात पठाण उभा. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तीत शेकडा ४७ कुटुंबे कर्जात आढळली. १९३१ साली व्हिटले कमिशनने औद्योगिक शहरांतील निदान दोनतृतीयांश कामगार कर्जबाजारी असल्याचा अंदाज दिला.

व्याजाचा सर्रास चालणारा दर होता रुपयाला महिना एक आणा. ऐकायला किती लहान! सोळा आण्यांतला एक आणा. पण बारा महिन्यांचे बारा आणे होतात, म्हणजे दरसाल दरशेकडा पंचाहत्तर. आता आपण बँकेत ठेव ठेवणारी मंडळी आहात, आपणच हिशेब करा. डाकघरच्या बचत खात्यात त्या काळी व्याज तीन टक्क्यांच्या आसपास. ज्याच्या डोक्यावर पंचाहत्तर टक्क्यांचे कर्ज आहे, त्याने दहा रुपये डाकघरात ठेवावेत की पठाणाच्या हातावर टेकवावेत? पठाणाचे दहा रुपये फेडले की वर्षाला साडेसात रुपये वाचतात. इतके उत्पन्न देणारी गुंतवणूक तेव्हाच्या शेअरबाजारातही सुखासुखी मिळाली नसती. तेव्हा कामगार डाकघरात जात नव्हता, यात त्याचे अडाणीपण शोधणाऱ्या साहेबांनाच त्रैराशिक येत नव्हते, असे म्हणावे लागते.

तरीही थोडाफार पैसा मागे पडे. तो कुठे जाई? पहिली वाट गावाकडची. १८८० साली मनिऑर्डरचे काम डाकखात्याकडे आले, आणि पुढे रत्नागिरी जिल्हा मनिऑर्डरवर जगतो अशी म्हणच पडली. त्या पैशातून घराची कौले फेरली जात, खोताचे देणे भागे, आणि कोणी पोटाला चिमटा काढून जमिनीचा तुकडा घेई. मुंबईत नोकरी सुटली तर पेजेपुरता भात पिकावा, हा त्यातला हेतू. विम्याचा कागद नव्हता, पण तो विमाच होता. १९२८ चा संप सहा महिने चालला तो या भाताच्या आधारावर, असे जुने कार्यकर्ते सांगत. पुढे कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारा हा मालक ठरला. कायदा न्यायाचा होता, आम्ही त्याच्या बाजूचेच. पण मुंबईच्या साच्यावर वीस वर्षे काढून दोन तुकडे घेतलेला आणि ते भावकीबाहेरच्या माणसाला लावलेला जो कामगार, तोही त्या कायद्याच्या लेखी न कसणारा जमीनदारच झाला. त्याचे दुःख आमच्या सभांतून कोणी बोलून दाखवले नाही.

दुसरी वाट अंगावरच्या दागिन्यांची. गरिबाचा दागिना मुळात चांदीचा. चांदीचा रुपया आणि चांदीचा वाळा यांचे वजनास वजन मोल जवळपास सारखे, कारण कोणीही चांदी नेऊन टाकसाळीतून रुपये पाडून घ्यावेत अशी मुभा होती. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबईच्या टाकसाळीत दागिन्यांची चांदी रास पडावी इतकी आली. मग १८९३ साली सरकारने टाकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. कारण विलायतेच्या हुंडणावळीचे होते, आमच्या बायकांच्या वाळ्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. परंतु रुपयाची किंमत वर धरली गेली आणि चांदी मात्र खाली घसरत राहिली. १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांत लोक वाळे, गोठ, साखळ्या घेऊन सराफाकडे गेले, तेव्हा त्यांना कळले की कोणी चोर न येता घरातली पुंजी कमी झाली आहे. गरिबाच्या बचतीवर घातलेला एवढा मोठा घाला आमच्या वाचनात दुसरा नाही, आणि शाळेच्या इतिहासात त्याला एक ओळही मिळत नाही.

सोन्याने उलट हात दिला. १९२७ च्या कायद्याने सोन्याचा दर तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा बांधला होता. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, रुपया पौंडाला जखडलेला असल्याने तोही घसरला, आणि सोने चढले. मंदीने धान्याचे भाव पडलेले, सारा थकलेला. अशा वेळी खेडोपाडी लोकांनी सोने विकले आणि ते बोटी भरभरून परदेशी गेले. देशाचे नुकसान झाले असे अर्थशास्त्री म्हणतात, आणि ते खरे असेल. ज्या घराची जमीन एका पाटलीपायी सावकाराच्या तावडीतून सुटली, त्या घराने काय म्हणावे?

आता पांढरपेशा वर्गाकडे वळू. आपल्यासमोर बोलायचे म्हणून टाळणे बरे नव्हे. कामगाराला उधळा म्हणणारा हा वर्ग आपला पैसा कसा सांभाळत होता? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि शहराला शेअरांचे वेड लागले. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्ज देत. बॅकबेचा समुद्र बुजवण्याच्या कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. १८६५ च्या एप्रिलात युद्ध थांबले, जुलैच्या पहिल्या तारखेला वायद्यांचे देणेघेणे चुकवायचे होते, आणि चुकवायला कोणाजवळ काही नव्हते. बँक ऑफ बॉम्बे, जीत खुद्द सरकारचे भाग होते, तीही १८६८ साली मोडीत निघाली. पुढे स्वदेशीच्या उत्साहात नव्या बँका निघाल्या, आणि १९१३ साली त्यांतल्या कित्येक कोसळल्या. मुंबईतली इंडियन स्पीसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली. वकील, कारकून, शिक्षक, विधवा यांचे पैसे त्यांत होते. हे लोक काही दारू पीत नव्हते.

सहकाराची कथा यापेक्षा बरी. बडोद्यास १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ साली आला. ओळखीच्या माणसांनी ओळखीच्यांना कर्ज द्यावे, ही त्यातली मूळ कल्पना. गिरणगावात हीच कल्पना कायद्यावाचून चालत होती, तिचे नाव भिशी. वीस जणांनी दरमहा ठराविक रक्कम काढायची आणि चिठ्ठी निघेल त्याने ती उचलायची. व्याज नाही, कागद नाही. बुडवली तर कोर्ट नाही, पण गावकीच्या खोलीत पुन्हा वळकटी टाकायची सोयही नाही. आमच्या मते ही जामीनकी पुष्कळ पक्की होती. जिथे माणसे एकमेकांना दिसत, तिथे भिशी क्वचितच बुडे. जिथे भिशीचालक अनोळखी माणसे गोळा करून लिलावाचा व्यवहार करू लागला, तिथे ती बुडालीच.

स्वातंत्र्यानंतर दोन मोठ्या गोष्टी घडल्या. एक विम्याची. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विमा सरकारने हाती घेतल्याचे जाहीर केले, आणि सप्टेंबरात महामंडळ उभे राहिले. तेव्हा लहानमोठ्या २४५ संस्था त्यात आल्या. महामंडळ झाले म्हणून पैसा आपोआप शुद्ध झाला नाही. दोनच वर्षांत मुंध्रा प्रकरणी देशमुखांच्या जागी आलेल्या कृष्णम्माचारींना मंत्रिपद सोडावे लागले. पण विमेदाराचे पैसे बुडाले नाहीत, हा फरक लहान नव्हे.

दुसरी गोष्ट प्रॉव्हिडंट फंडाची. १९५२ चा कायदा प्रथम सहा धंद्यांना लागू झाला, त्यांत कापड होते. वर्गणी होती सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयाला एक आणा! ज्या एका आण्याने कामगाराला दोन पिढ्या पिळले, तोच आणा आता त्याच्या नावे जमा होऊ लागला, आणि मालकाने त्यात आपला एक आणा घालायचा. तरी जुने कार्यकर्ते सांगत, की पहिल्या कपातीला खात्याखात्यांत कुरकुर झाली. म्हातारपणी मिळणारा पैसा कोणी पाहिला, आज पगारात आणा कमी दिसतो, असे लोक म्हणाले. त्यांचे चुकले नव्हते. कर्ज डोक्यावर असताना सक्तीची शिल्लक म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्याला कुलूप लावणे. काहींनी फंडात पैसा आणि बाहेर सावकार असे दोन्ही एकदम सांभाळले. पण या सक्तीच्या आण्याखेरीज दुसरी कोणतीही शिल्लक बहुतेकांजवळ शेवटी उरली नाही, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

ते पाहिले १९८२ साली. १८ जानेवारीला संप सुरू झाला. आमचे वडील लालबागेत साच्यावर होते आणि आम्ही अकरा-बारा वर्षांचे. घरातली कोणती पुंजी कोणत्या क्रमाने जाते, हे शिकायला त्याहून चांगली शाळा नाही. प्रथम भिशी बंद पडली, कारण सगळेच संपावर. मग डाकघरचे पुस्तक रिकामे झाले. मग आईच्या बांगड्या गेल्या, आणि त्यांचा भाव सराफाने केला तो आम्ही कधी विसरणार नाही. गिरणगावातल्या हजार बायका एकाच महिन्यात विकायला आल्या की भाव करणारा सराफच असतो. मग धाकटी भावंडे गावी गेली. फंडाला हात लावायचा नाही असे वडिलांनी ठरवले होते. पुढे गिरणीने पुन्हा घेतले नाही, तेव्हा तोही निघाला, आणि त्यातून आमच्या घरावरचे देणे फिटले. फिटले, एवढेच.

नंतरच्या काळात गिरण्या बंद होऊ लागल्या आणि स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली लोकांच्या हाती एकरकमी पैसा आला. जन्मात लाख रुपये एकत्र न पाहिलेला माणूस, आणि त्याच्या दारात पठाणाऐवजी टाय बांधलेला मुलगा. सागाची झाडे लावू, वीस वर्षांनी लाखाचे पन्नास लाख होतील. महिना तीन टक्के देऊ. पाच वर्षांत दामतिप्पट. आमच्या एका सोबत्याने सगळी रक्कम अशा झाडांत घातली. झाडे पाहायला तो दोनदा जाऊन आला, दुसऱ्या खेपेला कंपनीची पाटीही नव्हती. तो आमच्यावर रागावला, कारण आम्ही त्याला अडवले नव्हते. अडवायला हवे होते.

आणि सरकारी म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचे तरी काय? १९६४ साली निघालेली युनिट ट्रस्टची चौसष्टची योजना घरोघर ठेवीसारखी मानली गेली. जुलै २००१ मध्ये तिची खरेदीविक्री एकाएकी थांबवली गेली, तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले की आपला पैसा शेअरबाजारात होता. बँकेतल्या ठेवीला १ जानेवारी १९६२ पासून विम्याचे संरक्षण मिळाले, तेव्हा दीड हजार रुपयांचे. ते फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांचे झाले. पण पतपेढीतील ठेवीला हे संरक्षण नाही, आणि तिच्या पाटीवर "सहकारी" हा शब्द बँकेइतकाच मोठा असतो.

युनियनच्या कचेरीत आजही निवृत्त होणारा माणूस चेक घेऊन येतो आणि विचारतो, "दादा, कुठं ठेवू?" आम्ही त्याला उलट तीन प्रश्न विचारतो. कर्ज किती आहे आणि काय दराने? हा पैसा अर्ध्या रात्री लागला तर कोण देईल? आणि बुडाला तर तू कोणाच्या दारात जाऊन उभा राहशील, त्याचे नाव सांग. पहिल्या दोहोंची उत्तरे बहुधा मिळतात. तिसऱ्यापाशी तो थांबतो. मागच्या महिन्यात एकजण असाच थांबला, चेक घडी करून खिशात ठेवला, म्हणाला, "घरी विचारून येतो," आणि जिना उतरून गेला. तो अजून आलेला नाही. त्याची चौकशी करायला उद्या आम्ही त्याच्या चाळीत जाणार आहोत.