मुलांच्या खिशातला चाकू
तलवारींचा इतिहास राजांच्या नावे लिहिला जातो. खिशातल्या चाकूची नोंद कोण ठेवतो? जपानातील मिकी गावच्या लोहारांनी १८९० च्या दशकात ‘हिगोनोकामी’ हा घडीचा चाकू घडवला. त्याला खटका नाही. पाते उघडे राहते ते धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या दाबाने. शाळकरी मुले रोज त्याने पेन्सिली तासत, बांबूची खेळणी करीत. १९६० साली १७ वर्षांच्या एका तरुणाने समाजवादी नेते असानुमा यांचा भर सभेत खून केला. हत्यार होते आखूड तलवार. शिक्षा मात्र चाकूला झाली! मुलांच्या हाती पाते नको, अशी चळवळ उठली. आज हे नाव लावणारा एकच कारखाना मिकीत उरला आहे. चाकू गेला, आणि त्यासंगे अंगठ्याला लागणारे जबाबदारीचे वळणही गेले.